पोथी वाचून घेतलेला फोन

"भाऊ, ह्याचं पिक्सेल किती?"

मोबाईलच्या धंद्यात वीस वर्षं काढली, त्यातली निम्मी ह्या एका प्रश्नाचं उत्तर देण्यात गेली असतील. त्याआधी मी टीव्ही दुरुस्त करायचो, तेव्हा गिऱ्हाईक विचारायचं, "किती इंची?" माझे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांना विचारायचे, "किती बँडचा?" आवाज कसा आहे, चित्र कसं दिसतं, हे फारसं कुणी विचारत नाही. आकडा कसा, पारावर चारचौघांत सांगता येतो. तुळजापुरात एसटी स्टँडपासून चार पावलांवर माझं दुकान. आता साठी जवळ आली, पण फुटलेली काच उचकटून नवी स्क्रीन बसवताना हात अजून थरथरत नाही. एवढा एक माज मी अजून बाळगून आहे. ह्या अंकाच्या संपादकांनी धंद्यातला एखादा अनुभव मागितला तेव्हा वाटलं, कौतुकाचा सांगण्यापेक्षा जिथं तोंडावर आपटलो तो सांगावा.

आधी पिक्सेल म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मोबाईलची स्क्रीन बारीक ठिपक्यांची असते. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवे, निळे असे इवलाले दिवे. जुन्या, स्वस्त फोनच्या काचेवर पाण्याचा टाचणीएवढा थेंब टाकला तर तो भिंगासारखं काम करतो आणि ते दिवे साध्या डोळ्यांना दिसतात. दुकानात कुणी शाळामास्तर आले की मी त्यांना हे हमखास दाखवायचो. नवीन महागड्या फोनमध्ये थेंबानं भागत नाही, घड्याळजीचं डोळ्यात अडकवायचं भिंग लागतं, इतके ते ठिपके बारीक आणि दाट. ठिपके जितके दाट तितकी अक्षराची कड गुळगुळीत. इथपर्यंत कंपन्या म्हणतात ते खरं आहे.

पण आपण फोन काही भिंगातून बघत नाही. हातात धरून दीड-दोन वितींवरून बघतो. खळ्यावरची ज्वारीची रास बांधावरून बघितली तर दाणा वेगळा दिसत नाही, तसं तेवढ्या अंतरावरून एका हद्दीनंतर ठिपके वेगळे दिसत नाहीत. ती हद्द फोनवाल्यांनी केव्हाच ओलांडली. त्यापुढं ठिपके दुप्पट केले काय नि चौपट केले काय, डोळ्याला पत्ता लागत नाही. फोनला मात्र लागतो, कारण इतके दिवे सांभाळायला त्याला जास्त राबावं लागतं आणि बॅटरी लवकर उतरते.

हे मी गिऱ्हाइकांना सांगायचो, पण पटायचं थोड्यांनाच. भूमचे एक पोल्ट्रीवाले होते, पाटील म्हणून. त्यांना टू-के, म्हणजे सगळ्यात दाट ठिपक्यांची स्क्रीनच पाहिजे होती. मी म्हटलं, साध्यात आणि ह्यात तुम्हाला फरक कळणार नाही. त्यांना राग आला.

"मला न्हाय कळणार? अंड्याच्या ढिगात चीर गेलेलं अंडं लांबनं वळखतो म्या."

मी तीन फोन घेतले, साधा, मधला आणि टू-के. नाव दिसू नये म्हणून मागं कागद चिकटवला आणि तिन्हींवर त्यांच्याच कोंबड्यांचा एकच फोटो लावला. पाटलांनी चष्मा पुसून, दारात उजेडाला जाऊन, मान तिरपी करून बघितलं आणि छातीठोकपणे सगळ्यात साधा फोन उचलला. त्याचा उजेड जरा जास्त होता, एवढंच. कागद काढला तेव्हा त्यांनी तिन्ही फोन पुन्हा उलटसुलट करून बघितले. मग म्हणाले, "तरी बी टू-केच द्या. पाव्हण्यात सांगाया लागतंय." मी दिला. दुकान माझं होतं, पाहुणे त्यांचे होते.

पाटलांनंतर मी दुकानात एक रीत सुरू केली. स्क्रीन बदलली किंवा नवा फोन दाखवला की गिऱ्हाइकाला त्यावर काहीतरी वाचायला लावायचं. आकड्यावर बोलायचं नाही, वाचून दाखवायचं. त्यासाठी मी फोनमध्ये कागद साठवून ठेवले होते. शेतकऱ्याला सातबारा, मास्तरांना हजेरीपट, कंडक्टरला एसटीचं वेळापत्रक, पुजारी मंडळींना पोथीचं पान. ज्याचं जे काम, त्याचा तो कागद. लोकांना ह्याची गंमत वाटायची. नळदुर्गहून, येडशीहून माणसं नाव विचारत यायची, ते वाचायला लावणाऱ्याचं दुकान कुठाय म्हणून. मला वाटायचं, ह्या धंद्यात आपण काहीतरी शोधून काढलंय. डोक्यात हवा गेली होती, दुसरं काही नाही.

अशात एका सकाळी अनंतकाका आले. अनंतकाका म्हणजे गावातले जुने पुजारी, सत्तरी ओलांडलेले, माझ्या वडिलांचे दोस्त. माझ्या लग्नात मंगलाष्टकं त्यांनीच म्हटली. लांबलांबचे यजमान पिढ्यान्पिढ्या त्यांच्या घरी उतरतात. हे लोक यायच्या आधी घरातल्या सगळ्यांची नावं मेसेजनं पाठवतात, आणि पूजेला बसल्यावर संकल्प सोडताना काका ती नावं फोनवर बघून एकेक करून घेतात. पूर्वी कागदावर लिहून घ्यायचे, पण आता यजमानच टाईप करून धाडतात म्हटल्यावर काकांनीही फोन धरला.

त्यांनी फोन माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "दत्ता, ही स्क्रीन नावं खायलीय बघ."

"म्हणजे काय होतंय, काका?"

"कडंची नावं गायबच होत्यात. मधलं दिसतंय, कडंचं न्हाय."

मग त्यांनी काय घडलं ते सांगितलं. आठ दिवसांपूर्वी पुण्याचं एक कुटुंब आलं होतं. यादीत अकरा नावं होती, काकांनी नऊच घेतली. पूजा आटोपल्यावर घरातल्या म्हाताऱ्या बाई हुंदके देऊन रडायला लागल्या. सुटलेल्या दोन नावांतलं एक त्यांच्या आजारी नातवाचं होतं, आणि त्याच्यासाठीच ही सगळी माणसं एवढ्या लांबून आली होती. काकांनी संकल्प पुन्हा केला, हात जोडले, पण बाईंचं समाधान झालं नाही. "पन्नास वर्षांत असं कधी झालं नव्हतं," असं काका म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला होता.

मी फोन तपासला. भिंग लावून कडेचे ठिपके बघितले. पांढरा, काळा, लाल, हिरवा असे सगळे रंग फिरवून बघितले. स्क्रीन ठणठणीत होती. काकांना तसं सांगितलं तर म्हणाले, "मग हलकी असंल. भारी पिक्सेलवाला दाखव." आणि इथं मी, जो पाटलांना शहाणपण शिकवत होतो, काय करावं? मी टू-के फोन काढला. मनात म्हटलं, वय झालंय, अक्षर जरा कोरीव दिसलं तर बरं पडेल. स्वतःला असं समजावणं दुकानदाराला फार सोपं जातं.

रीतीप्रमाणं वाचायला द्यायचं होतं. सातबारा समोर होता, पण काकांसारख्या माणसाला सातबारा वाचायला लावायचा म्हणजे मला अवघड वाटलं. मी पोथीचं पान काढलं. काकांनी फोन दोन्ही हातांत धरला, जरा लांब नेला, जवळ आणला आणि वाचायला लागले. एकही अक्षर अडखळलं नाही. पान संपेपर्यंत स्वच्छ, खणखणीत. दुकानात उभी असलेली दोन गिऱ्हाइकं हात जोडून ऐकत राहिली.

"बघा काका, दिसतंय की," मी म्हटलं.

"दिसायलंय," काका म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खुलला. मलाही दिवसभर बरं वाटत होतं.

वाचणाऱ्याच्या एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. पन्नास वर्षं रोज म्हटलेली पोथी मी त्या माणसाला डोळ्यांच्या परीक्षेसाठी दिली होती.

अडीच महिन्यांनी काका पुन्हा आले. बरोबर त्यांच्या सूनबाई माधुरीताई होत्या. काकांचं म्हणणं तेच होतं, हाही फोन नावं खातोय, ह्याच्यापेक्षा भारी काय आहे ते दाखव. माधुरीताई म्हणाल्या, "भाऊ, परवा बाबा चालताना उंबऱ्यापाशी ठेवलेल्या घागरीला धडकले. घागर डाव्या अंगाला होती, दिवसाउजेडी." काकांनी हात झटकला. "घागरीचं काय काढलीस? ती वाटंतच ठेवली हुती."

मी काकांचा फोन हातात घेतला आणि सेटिंग उघडली. तिथं बघतो तर पिक्सेल कमीवरच लावलेले. हे टू-केवाले फोन बॅटरी वाचावी म्हणून कारखान्यातूनच कमी पिक्सेलवर लावून येतात. पूर्ण पिक्सेल पाहिजेत तर सेटिंगमध्ये जाऊन आपण चालू करायचे. ते मी केलेच नव्हते. म्हणजे अडीच महिने काका जवळजवळ जुन्या फोनएवढ्याच ठिपक्यांवर वाचत होते, आणि त्या दिवशी दुकानात "दिसायलंय" म्हणाले तेही तेवढ्यावरच. मग दिसलं कशानं?

तरी सवयीनं मी पुन्हा पोथीचंच पान काढून दिलं. काका सुरू झाले. माधुरीताई स्टुलावर बसून ऐकत होत्या. दुसरी ओवी सुरू झाली तसा फोन जरा मंद झाला आणि मग विझला. हात लावला नाही की अर्ध्या मिनिटात विझतो तसा. काच काळी झाली, तीत वरचा पंखा फिरताना दिसायला लागला. काकांचे डोळे फोनवरच होते. ते वाचतच राहिले.

मी माधुरीताईंकडं बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. दोघांपैकी कुणीच काकांना थांबवलं नाही. ओवी पूर्ण झाली, मग शेवटचीही झाली, काकांनी सवयीनं फोन कपाळाला लावला.

मी सातबारा काढला आणि त्यांच्या हातात दिला. "काका, आता हे वाचा."

काकांनी गट नंबर वाचला. क्षेत्राचा आकडा वाचला. डाव्या अंगाला खातेदाराचं नाव होतं, ते त्यांनी वाचलंच नाही. पानावर नाव आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

"नाव कुणाचं आहे, काका?"

"नाव कुठाय ह्यात?"

मी बोट ठेवलं. त्यांनी मान डावीकडं वळवली, आणखी वळवली, तेव्हा ते सापडलं. मग त्यांनी फोन काउंटरवर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसले. दुकानाबाहेर जीपवाले बार्शी-बार्शी ओरडत होते. काका अगदी हळू म्हणाले, "तू पोथी दिलीस की तोंड सुरू हुतंय रे. मग दिसतंय का आठवतंय, ते माझं मलाच कळंना गेलंय."

हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. मी त्यांना म्हटलं, "काका, चूक माझी आहे. मी स्क्रीन बघितली, तुमच्याकडं बघितलं नाही."

"तू काय डॉक्टर हैस व्हय?"

डॉक्टर नव्हतो म्हणूनच गप्प बसायला पाहिजे होतं. पण "दिसतंय की" असं मीच म्हणालो होतो, आणि माझ्या शब्दावर काका घरी जाऊन अडीच महिने निश्चिंत राहिले होते. त्यांच्या मुलानं मध्ये एकदा डोळे दाखवू म्हटलं तेव्हा काकांनी त्याला सांगितलं होतं, दत्तानं तपासलंय. हे माधुरीताईंनी सांगितलं तेव्हा मला तोंड कुठं लपवावं ते कळेना.

काका दवाखान्याला तयार होईनात. ऑपरेशनची भीती नव्हती त्यांना. त्यांना भीती होती ती दुसरीच. डोळे गेले असं गावात कळलं की यजमान फिरतील, आणि पूजा पुतण्याकडं जाईल. पुतण्या चांगला आहे, पण काकांना अजून बसायचं होतं. "माणसं आपलं नाव घ्यावं म्हणून माझ्याकडं येत्यात," ते म्हणाले, "नावच वाचता येईना म्हटल्यावर मी तिथं बसून काय करू?"

मी म्हटलं, "काका, त्या पुण्याच्या बाईंसारखी आणखी एक बाई रडायला नको असेल तर चला."

हे बोलायला नको होतं असं बोलल्याक्षणी वाटलं. पण काका उठले आणि पायात चप्पल सरकवायला लागले. दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवून त्या दोघांबरोबर सोलापूरला गेलो.

डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. काकांना एका यंत्रासमोर बसवून आजूबाजूला ठिपके चमकवले आणि दिसला की बटण दाबा म्हणाले. मी बाहेरून बघत होतो. माझ्या धंद्यातलेच ठिपके होते ते. कितीतरी चमकून गेले आणि काकांचा अंगठा हलला नाही. निदान काचबिंदूचं झालं. डाव्या डोळ्याचं बरंच गेलं होतं, उजव्याच्या कडा गेल्या होत्या. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, पण थेंब नेमानं घातले तर उरलेलं राखता येईल, आणि मान दोन्हीकडं वळवून अक्षर कसं शोधायचं ते शिकवलं. मी विचारलं, "अडीच महिने आधी आलो असतो तर?" ते म्हणाले, "काही फरक पडला असता, किती ते सांगता येणार नाही." माझ्या वाट्याला तेवढंच आलं. ते मी घेऊन आलो.

काका परतीच्या वाटेवर मात्र माझ्यापेक्षा मोकळे होते. इतके दिवस ज्याच्याशी एकट्यानं झुंजत होते त्याला आता नाव मिळालं होतं. तुळजापूरचा घाट चढताना म्हणाले, "म्हणजे फोन चांगला हुता की रे. उगंच बोल लावला त्याला."

मग मी माझं खरं काम केलं. त्या भारी फोनचे पिक्सेल होते त्याहूनही खाली, सगळ्यात कमी केले, बॅटरी टिकावी म्हणून. अक्षर मात्र मोठं केलं, इतकं मोठं की एका वेळी एकच नाव मावेल, तेही बरोबर मधोमध. काळ्यावर पिवळं. फोन आपोआप विझायचा बंद केला. यादी आली की माधुरीताई ती सुटी करून एका पानावर एक नाव ठेवतात, आणि पानाच्या खाली एकूण किती नावांतलं हे कितवं ते लिहितात, म्हणजे सुटलं तर कळावं. काकांनी बघितलं आणि म्हणाले, "आता लई सुरेख दिसायलंय. पिक्सेल वाढिवलास न्हाय का?" मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही.

माझी रीतही बदलली. काकांवरून माझ्या ध्यानात आलं की शेतकऱ्याला त्याचा सातबारा पाठ असतो आणि कंडक्टरला वेळापत्रक. किती जणांनी मला वाचून दाखवल्याचं सोंग, स्वतःलाही नकळत, केलं असेल देव जाणे. आता मी प्रत्येकाला दुसऱ्याचा कागद देतो. पुजाऱ्यांना सोयाबीनचे भाव, शेतकऱ्याला कुणाची तरी लग्नपत्रिका. आणि कुणी अडखळलं, एक ओळ सोडली, तर फोन दाखवायचा बंद करून आधी डॉक्टरला दाखवा म्हणतो. काही जण रागावतात. दुकानदार माल विकायचा सोडून दवाखान्यात धाडतोय म्हणून हसतातही. हसू देत.

सहा महिन्यांनी काकांना पुन्हा सोलापूरला नेलं. तेच यंत्र, तेच ठिपके. डॉक्टरांनी दोन्ही तपासण्यांचे कागद शेजारी ठेवले आणि म्हणाले, जेवढं होतं तेवढं आहे, काहीच गेलेलं नाही. माधुरीताईंनी तिथंच नवऱ्याला फोन लावला. मला इतका आनंद माझ्या पहिल्या दुकानाच्या वेळीही झाला नव्हता.

त्यानंतरच्या आठवड्यात नांदेडचं एक कुटुंब आलं. काकांनी मला बोलावून घेतलं, फोन अडला तर जवळ असावा म्हणून. पूजेला बसल्यावर, आजवर कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. यजमानांना म्हणाले, "माझी नजर कमी झालीय. सावकाश वाचीन. कुणाचं नाव ऱ्हायलं वाटलं तर लगेच सांगा, संकोच करू नका." यजमान म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, गुरुजी." उठून कुणी गेलं नाही.

माधुरीताईंनी यादीचा कागद माझ्या हातात दिला होता. मी प्रत्येक नावावर बोट ठेवत होतो. वडीलधाऱ्यांची नावं सोपी होती, पार्वती, दत्तात्रय, कमल. ती कानावर पडताना हे वाचणंच आहे असा भरवसा मला नव्हता, कारण अशी नावं काकांच्या तोंडी पन्नास वर्षं आहेत. नववं, दहावं झालं. अकरावं नाव तान्ह्या मुलाचं होतं, कियांश. असलं नाव काकांनी जन्मात ऐकलं नसणार. ते थांबले. बाळाची आई मांडीवरचं पोर सावरत पुढं वाकली. माझं बोट त्या नावावर होतं, पण मी ओठ हलवले नाहीत. काकांनी डॉक्टरांनी शिकवलं तशी मान डावीकडं वळवली, मग उजवीकडं आणली, फोन थोडा जवळ घेतला आणि एकेक अक्षर उचलावं तसं म्हणाले, "कि… यां… श." मग पूर्ण नाव स्वच्छ म्हटलं आणि बाळाकडं बघून म्हणाले, "नवं दिसायलंय नाव."

आई हसली. काकांनी अंगठ्यानं पान सरकवून बारावं नाव वाचलं आणि पळीभर पाणी सोडलं. मी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला.